चव्हाट्यावरील प्रतिमा : वीरगळापासून पुतळ्यापर्यंत

वर्धा नदीच्या अलीकडे, वणी तालुक्यातील एका खेड्यात, विहिरीच्या धक्क्यास लागून वालुकाश्माची एक शिळा कलंडून पडलेली असे. प्रस्तुत लेखक त्या बाजूच्या शाळेत नोकरीस असताना एका श्रावणात मुलांस घेऊन तेथे गेला होता. शिळेची सपाट पाठ वर होती. तिच्यावर गावातील बायका धुणे धूत. कोरीव अंग विहिरीच्या बाजूस असल्यामुळे ते पाहण्यास गुडघे टेकून वाकावे लागे. एका मुलाने वाकून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, हा देव कोणता?" मी उत्तर दिले, "बाळ, हा देव नव्हे, हा तुझ्यामाझ्यासारखा माणूस आहे." मुलास ते पटले नाही. दगडात कोरलेला तो देवच, अशी त्याची समजूत होती. आणि ती केवळ त्याचीच होती असे नाही. काही वर्षांनी पुन्हा त्या वाटेने जाण्याचा प्रसंग आला तेव्हा विहिरीपर्यंत नवी सडक झाली होती आणि शिळा जागेवर नव्हती. चौकशी करता, मोरीच्या भरावात मोठे दगड लागले त्यांत तीही गेली असावी, असे कळले. कोणी मुद्दाम मोडली असे नव्हे. ती काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते, एवढेच.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा एका वाक्यात दिले; ते सविस्तर द्यावे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. देवळाबाहेर, भिंतीबाहेर, ऊनपावसात, सर्वांच्या वाटेवर उभ्या असलेल्या मनुष्यप्रतिमा आपल्या प्रांतात केव्हापासून आहेत, त्या कशा ओळखाव्यात, आणि आजच्या चौकातील पुतळा व वेशीवरचा झिजलेला दगड यांचे काही नाते आहे किंवा कसे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. संस्कृताध्ययनाची सवय जडलेल्या मनुष्यास शब्द उकलल्यावाचून पुढे जाववत नाही. वाचकांनी क्षमा करावी. 'चौक' हा शब्द 'चतुष्क' यापासून आला, आणि 'चव्हाटा' म्हणजे चार वाटा जेथे मिळतात ते स्थान. मराठीत एखादी गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे तिची बेअब्रू करणे. परंतु जुन्या काळी गावाची जी गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी अशी इच्छा असे तीही चव्हाट्यावर, वेशीत किंवा पारापाशीच मांडीत. 'पुतळा' हा शब्द 'पुत्तल' यापासून निघाला. या शब्दास मुळात फारशी प्रतिष्ठा नव्हती. पुत्तलिका म्हणजे बाहुली. देवाच्या प्रतिमेस आपण मूर्ती म्हणतो, अर्चा म्हणतो, विग्रह म्हणतो. पुतळा कधी म्हणत नाही. म्हणजे देव आणि मनुष्य यांच्या प्रतिमांतील भेद भाषेने नीट जपलेला आहे. तो डोळ्यांनी मात्र आपण विसरलो.

शास्त्रकारांनाही मनुष्यप्रतिमेविषयी फारसा आदर नव्हता. शुक्रनीतीत असे मत दिलेले आहे की, देवाची प्रतिमा लक्षणहीन असली तरी ती कल्याणकारक होय. पण मर्त्याची प्रतिमा सर्व लक्षणांनी युक्त असली तरी ती श्रेयस्कर नव्हे. हा ग्रंथ आज ज्या रूपात मिळतो ते रूप बरेच उत्तरकालीन आहे, हे खरे. तथापि हे मत पुष्कळांचे असावे. देवप्रतिमांच्या विक्रीविषयी तर त्याहून जुना उल्लेख आहे. पाणिनीच्या एका सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने, सुवर्णाच्या लोभाने मौर्यांनी अर्चा करविल्या, असे म्हटले आहे. प्रतिमा उभारण्यामागे भक्तीखेरीज अन्य हेतूही असतात, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. आज ती नव्याने कळली असे समजण्याचे कारण नाही.

असे असले तरी मनुष्यप्रतिमा होत्याच. भासाच्या नावावरील 'प्रतिमा' नाटकाचे सर्व कथानक अशा प्रतिमांवर उभे आहे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या बाहेर येऊन थांबतो. कृत्तिका नक्षत्र सरून रोहिणी लागल्यावर नगरात शिरावे असा निरोप त्यास आलेला असतो. तेवढा वेळ काढावा म्हणून तो जवळच्या एका सुशोभित वास्तूत जातो. देऊळ समजून तो नमस्कार करू लागतो, तोच तेथील देवकुलिक त्यास आवरतो : ह्या देवांच्या मूर्ती नव्हेत, इक्ष्वाकु राजांच्या प्रतिमा आहेत. मग दिलीप, रघु, अज असे एकेक नाव सांगितले जाते. चौथी प्रतिमा दशरथाची. भरत अडखळतो, पुनःपुन्हा विचारतो, आणि शेवटी त्याच्या तोंडून प्रश्न निघतो की, जिवंत माणसांच्याही प्रतिमा येथे ठेवतात काय? उत्तर येते : नाही, केवळ दिवंगतांच्या. पिता निवर्तला हे पुत्रास अशा रीतीने कळते. एक दगडी प्रतिमा, तिच्याविषयी माहिती सांगणारा एक माणूस, आणि ओळखण्याचा तो क्षण, यांवर कवीने सबंध अंक रचिला आहे. माहिती सांगणारा देवकुलिक तेथे नसता तर भरत चार देवांना नमस्कार करून निघून गेला असता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे नाटक गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रम येथून भासाची म्हणून जी तेरा नाटके १९१२ पासून प्रसिद्ध केली त्यांपैकी होय. त्याच सुमारास, १९११-१२ मध्ये, मथुरेजवळ माट या गावी कुषाण राजांच्या प्रतिमा मिळाल्या. त्यांत मस्तकहीन कनिष्काची सुप्रसिद्ध प्रतिमा होती, आणि तेथील लेखात त्या वास्तूस 'देवकुल' असेच नाव दिलेले आढळले. नाटकात वाचलेली वस्तू जमिनीतून बाहेर यावी असा योग संशोधकाच्या नशिबी क्वचितच येतो.

परंतु त्याहूनही जुने उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. जुन्नराहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जी लेणी आहे, तिच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन ही नावे तेथे वाचता येतात. प्रतिमा मात्र राहिल्या नाहीत. पावलांच्या खुणा काय त्या उरल्या आहेत. ही लेणी रानातील एकांतात नाही, व्यापारी तांड्यांच्या वाटेवर आहे. कोकणातून चढून येणाऱ्या प्रत्येकास राजकुलाचे दर्शन घडावे अशीच ती योजना दिसते. म्हणजे महाराष्ट्रातील पहिल्या ज्ञात मनुष्यप्रतिमा रहदारीच्या जागी होत्या. त्या गेल्या, आणि डोक्यावरची अक्षरे राहिली म्हणून आज आपणांस त्या कोणाच्या हे सांगता येते. अक्षरांचे महत्त्व यापलीकडे काय सांगावे!

राजांच्या प्रतिमा थोड्या. सामान्य माणसांच्या पुष्कळ. त्या म्हणजे वीरगळ. या शब्दातील 'गळ' हा कानडी 'कल्लु', म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. वीरगळाची शिळा बहुधा उभट असते आणि तिचा दर्शनी भाग आडव्या पट्टांत विभागलेला असतो. वाचन खालून वर करावयाचे. अगदी खालच्या पट्टात माणूस पडलेला दिसतो, किंवा ढालतरवार घेऊन झुंजत असतो. पुष्कळदा शेजारी गाई कोरलेल्या असतात. गाई असल्यास तो गोधन सोडविताना मेला असे समजावे. त्यावरच्या पट्टात दोन्ही बाजूंस अप्सरा असून त्या वीरास उचलून नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, म्हणजे तो कैलासास पोहोचला. माथ्यावर कलश आणि सूर्यचंद्र; जोवर ते आहेत तोवर ही स्मृती राहावी अशी अपेक्षा. नाव बहुधा नसते. गावास नाव ठाऊकच असे, मग कोरावे कशास? पाचसात पिढ्यांनी ते विसरले जाईल हे कोरवणाऱ्यांच्या मनात आले नाही.

समुद्रकाठच्या वीरगळांत युद्धही समुद्रावरचे असते. मुंबईनजीक बोरिवलीच्या बाजूस एकसर येथील वीरगळांवर वल्ही मारणारी लढाऊ गलबते कोरलेली आहेत, आणि बाराव्या-तेराव्या शतकातील नौका कशी दिसे यास तशा दुसऱ्या साधनाचा तोटा असल्याने इतिहासकार त्यांस फार जपतात. आपल्या भागात गलबते कोठून असणार? आपल्याकडे घोडा, ढाल, गाय, क्वचित वाघ.

वीरगळाशेजारी कधी कधी दुसरी एक शिळा असते. तिच्यावर खांबातून निघालेला एक हात कोपरात दुमडून वर उभारलेला दिसतो, मनगटात बांगड्या असतात. ती सतीची शिळा. आपण तिच्यापुढे आज उभे राहिलो तर मनात अभिमान येत नाही, आणि येऊही नये. पण तो हात एका बाईचा आहे व तिचे नाव कोठेच नाही, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही. तिसरा प्रकार गधेगाळीचा. दानाचा भंग करणाऱ्यास तीत शापवाणी असते व तिच्यावरील चित्र शिष्टसंमत नसते, म्हणून मास्तर मंडळी मुलांस ती दाखवीत नाहीत. तथापि मराठी भाषेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. अलिबागजवळ अक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख, जो मराठीतील आद्य लेखांत गणला जातो, तो अशाच एका शिळेवर आहे. ती शिळा कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उभी होती. त्याआधी जो लेख आद्य मानला जात असे, तो श्रवणबेळगोळच्या सत्तावन्न फुटी गोमटेश्वराच्या पायाशी आहे. चावुंडराजाने ही मूर्ती करविली एवढाच त्याचा आशय. मराठी भाषा दगडावर प्रथम उमटली ती उघड्यावरच्या प्रतिमेच्या चौथऱ्यावर, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्या लेखात करविणाऱ्याचे नाव आहे, करणाऱ्याचे नाही, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हा जिल्हा इंग्रजी अमदानीत प्रथम वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. आईन-इ-अकबरीत यवत आणि लोहारा ही नावे जोडीने येतात, आणि लोहाऱ्याचे कमळेश्वराचे जुने देऊळ यवतमाळकरांस परिचित आहे. अशा सर्व देवळांस आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परंतु चुन्यावाचून दगडावर दगड बसविण्याची पद्धती त्याच्या आधीपासून चालू होती, आणि त्याच्या नावावर घातलेली पुष्कळ देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. प्रतिमांच्या अभ्यासकास हेमाद्रीचा उपयोग देवळांपेक्षा ग्रंथामुळे अधिक होतो. 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात त्याने विष्णुधर्मोत्तरादी ग्रंथांतून देवतांची रूपवर्णने एकत्र केली आहेत. पारावर पडलेला एखादा चतुर्भुज तुकडा हाती आला तर कोणत्या हातात काय आहे हे पाहून तो ग्रंथ उघडावा.

जिल्ह्याचा दगड एका जातीचा नाही. पश्चिमेस दारव्हा, पुसद, यवतमाळकडे सर्वत्र काळा पत्थर. तो कठीण, छिन्नीस दाद न देणारा; त्यावर बारीक काम करणे कष्टाचे, पण एकदा केले की ते टिकते. पूर्वेस वणीच्या बाजूस, जेथे आज कोळशाच्या खाणी आहेत, तेथे वालुकाश्म व चुनखडक लागतो. तो मऊ असल्याने त्यावर कोरीव काम सुरेख उतरते आणि तितक्याच लवकर पावसात झडते. आरंभी सांगितलेली शिळा या दुसऱ्या जातीची होती. तिच्यावरील वीराचे नाक, डोळे केव्हाच गेले होते. पण ढालीच्या कडेचे टिपके मोजता येत होते. मी ते मोजले होते. ते बावीस होते.

वर्धा नदी ओलांडली की दोन स्थळे अशी आहेत की, यवतमाळकरांनी ती एकदा तरी पाहावीत. एक पवनार. तेथे वाकाटककालीन शिल्पपट्ट मिळाले असून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांतील रामायणप्रसंग ओळखून दाखविले. विनोबाजी तेथे राहावयास गेले त्यानंतर जमीन खणताना एक शिल्प निघाले, ते राम-भरत भेटीचे मानले जाते; आश्रमात त्याची स्थापना झाली. भासाच्या भरतास प्रतिमागृहात पित्याची प्रतिमा भेटली, आणि पवनारच्या मातीत स्वतः भरताचीच प्रतिमा भेटली, हा योगायोग संस्कृतच्या शिक्षकास सुखविणारा आहे. त्यात पुरावा असा काही नाही. सुख मात्र आहे.

दुसरे स्थळ चंद्रपूर. गावाच्या लालपेठ-बाबुपेठच्या बाजूस उघड्या माळावर प्रचंड एकपाषाणी मूर्ती पडलेल्या आहेत. लोक त्यास अपूर्ण देवालय म्हणतात. त्यांतील दशमुखी दुर्गेची मूर्ती सुमारे पंचवीस फूट लांब असून ती उताणी पडलेली आहे. भोवती गणपती, मारुती, शिवलिंग, मत्स्य, कच्छ इत्यादी. गोंड राजांच्या काळी रायप्पा नावाच्या एका धनिक कोमट्याने मोठे शिवालय बांधण्याचे योजिले, मूर्ती आधी घडविल्या आणि देऊळ होण्यापूर्वीच तो वारला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, वस्तुस्थिती अशी की या मूर्तींवर कधी छप्पर आले नाही, त्यांची प्राणप्रतिष्ठा झाली नाही, आणि दहा तोंडे पाहून सामान्य लोक त्या दुर्गेस रावण म्हणू लागले. सांगणारा नसला म्हणजे दुर्गेचा रावण होतो.

गोंडवनाच्या दक्षिणेस माडिया लोकांत मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची चाल आहे. तिच्यावर चित्र नसते, अक्षर नसते. शिळा हीच प्रतिमा. वीरगळाच्या मुळाशी अशीच काही चाल असावी असे मला वाटते.

आता चौकातील पुतळा. ही वस्तू आजच्या स्वरूपात आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. मुंबईस १८७२ साली राणी व्हिक्टोरियाची संगमरवरी प्रतिमा बसविण्यात आली. ती नोबल नामक शिल्पकाराची, आणि खर्च बडोद्याच्या खंडेरावमहाराज गायकवाडांचा. १८७९ मध्ये युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आला, त्यासच लोक काळा घोडा म्हणत. राणीच्या पुतळ्यास १८९६ साली चापेकर बंधूंनी डांबर फासले. पुतळा म्हणजे दगड नव्हे, सत्तेचे शरीर आहे, हे इंग्रजांनीच शिकविले होते. चापेकरांनी तो धडा त्यांच्यावर उलटविला. १९६५ मध्ये हे पुतळे रस्त्यांवरून हलवून भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात नेण्यात आले. काळा घोडा गेला तरी त्या जागेचे नाव गेले नाही, आणि २०१७ साली तेथे पुन्हा एक घोडा उभा राहिला, तो स्वाराविना.

राजाराणीचा पुतळा असू शकतो तर लोकनायकाचा का नसावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पिढीने विचारला. पुण्यास मंडईत लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. लागलीच दुसरा प्रश्न उपस्थित झाला. टिळकांचा पुतळा, तर महात्मा फुल्यांचा का नाही? १९२५ साली तशी मागणी पुणे नगरपालिकेपुढे आली, ती फेटाळण्यात आली, आणि त्यावरून जे वादळ उठले त्याचे पडसाद पुढे पुष्कळ वर्षे ऐकू येत होते. पुतळ्याचा वाद शिल्पाचा नसतो. चव्हाट्यावर उभे राहण्याचा अधिकार कोणास, याचा असतो. १९५० च्या डिसेंबरात कोल्हापूरच्या बिंदू चौकात माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले, ते शिल्पकार बाळ चव्हाण यांच्या हातचे. डॉ. आंबेडकर तेव्हा हयात होते. जिवंताची प्रतिमा ठेवीत नाहीत हा देवकुलिकाचा नियम तेथे मोडला, आणि ज्या समाजास देवळात शिरण्यास बंदी होती त्याने आपली प्रतिमा भर चौकात उभी केली. या एका घटनेचे महत्त्व मला कित्येक अश्वारूढ पुतळ्यांहून अधिक वाटते.

शिल्प म्हणून पाहावयाचे तर विनायकराव करमरकर यांच्या शिवछत्रपतींपाशी थांबावे लागते. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र रॉथफील्ड नामक कलेक्टराच्या दृष्टीस पडले आणि त्याने त्यांस मुंबईच्या कलाशाळेत धाडिले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील त्यांचा अश्वारूढ पुतळा १९२८ च्या जूनमध्ये उभा राहिला. सुमारे साडेतेरा फूट उंचीचे हे काम मुंबईस माझगावात एकाच ओतकामात ओतून रेल्वेने पुण्यास आणिले. घोड्याच्या मानेचा ताण, लगाम धरलेला हात आणि वर बसलेल्या पुरुषाची निश्चल दृष्टी ही तीन अंगे निरनिराळी पाहावीत, मग एकत्र पाहावीत. आज गावोगाव जे शिवछत्रपतींचे अश्वारूढ पुतळे दिसतात, त्यांतील कितीतरींचा जन्म या एका पुतळ्याच्या पोटी झाला आहे. मात्र नकलेत ताण गळतो आणि घोडा तेवढा राहतो.

घोड्यावरून आठवले. एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमी होऊन मेला, दोन उचललेले असतील तर रणात पडला, असा एक नियम सांगितला जातो. मुले तो परीक्षेत लिहितात. असा नियम आपल्या शास्त्रात नाही आणि पाश्चात्य शिल्पकारही तो पाळीत नाहीत. कृपा करून शिक्षकांनी तो शिकवू नये.

खरा नियम दुसरा आहे, व तो जुना आहे. देवमूर्ती आयुधांवरून आणि लांछनावरून ओळखतात, मुखावरून नव्हे. आपल्या चौकातील पुतळ्यांनीही न सांगता तोच मार्ग धरिला आहे. जिरेटोप आणि तलवार म्हणजे शिवछत्रपती. कोट, चष्मा, हातातील संविधानाचा ग्रंथ आणि उंचावलेले बोट म्हणजे डॉ. आंबेडकर, पागोटे व खांद्यावरील उपरणे म्हणजे महात्मा फुले, हातात खराटा म्हणजे आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा. चेहरा साधो वा न साधो, खराटा दिसला की बाबा ओळखू येतात. नवी प्रतिमालक्षणे अशी आपल्या डोळ्यांदेखत ठरत आहेत. आणखी दोनतीनशे वर्षांनी कोणी हेमाद्री ती ग्रंथात घालील.

प्रमाणाचा विचारही करून पाहावा. शास्त्रात ताल म्हणजे मुखाची लांबी, केसांच्या मुळापासून हनुवटीपर्यंत, बारा अंगुले. नवताल प्रतिमा एकशेआठ अंगुलांची. पाश्चात्य पद्धतीने शिकलेला शिल्पकार मात्र माथ्यापासून हनुवटीपर्यंतचे सबंध डोके मोजतो. साधा मनुष्य साडेसात डोकी भरतो, आणि भव्यता हवी असेल तर तो आठ धरितो. पुतळा चौथऱ्यावर उंच बसावयाचा असेल तर खालून पाहताना डोके लहान व पाय मोठे दिसतात, यासाठी डोके मुद्दाम किंचित मोठे करावे लागते. ही काळजी न घेतल्यामुळे कित्येक थोर पुरुष आपल्या चौकांत बुटके वा मानहीन दिसतात.

ओतकामाची रीतही आपणांस नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, बाराव्या शतकात, मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून घ्यावे व त्या पोकळीत धातू ओतावा, अशी सर्व कृती दिली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा हेही सांगितले आहे : पितळ वा तांबे आठ-दहा पट, रुपे बारा पट, सोने सोळा पट. आज चौकात पुष्कळदा धातूऐवजी सिमेंट वा फायबर वापरून वर सोनेरी रंग देतात. उन्हाळ्यात यवतमाळचे ऊन त्यावर चार-सहा वर्षे पडले की रंगास पोपडे सुटतात, आणि जयंतीच्या आदल्या रात्री पुन्हा रंग फासला जातो. अशा थरांखाली नाकाची धार जाते, बोटे एकमेकांस चिकटतात.

जिल्ह्यातील एका गावी एक जुना पुतळा मला फार आवडला होता. तो कोणाच्या हातचा हे शोधण्यासाठी चौथऱ्यावरील पाटी वाचली. तीत अकरा नावे होती : अनावरण करणारे, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, कंत्राटदार. शिल्पकाराचे नाव नव्हते. संबंधित कचेरीत विचारले, तर जुने कागद दप्तरखान्याच्या गळतीत गेल्याचे कळले. शेवटी चौकातील पानाच्या ठेल्यावरील एका वृद्धाने सांगितले की, पुतळा ट्रकने कोल्हापूरकडून आला व दोन दिवस पेंढ्यात गुंडाळून शाळेच्या व्हरांड्यात ठेवला होता. एवढीच माहिती. गोमटेश्वराच्या पायाशी जी उणीव राहिली ती आपण हजार वर्षे सांभाळून ठेविली आहे. नवा पुतळा उभारण्यास २०१७ च्या शासननिर्णयाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मान्यता लागते व मातीचे प्रतिरूप कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावे लागते. सार्वजनिक रस्त्यावर पुतळे बसविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केलेली आहे. म्हणजे कागद होतात. त्या कागदांतील एक नाव पाटीवर यावे, इतके अवघड नाही.

जुन्या शिळांची स्थिती याहून नाजूक आहे. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पण कायदा ओळखत नाही, माणूस ओळखतो. शिळा दिसली की लोक तीस शेंदूर लावतात, आणि मी त्यांस दोष देत नाही. शेंदुरामुळे तिच्यावर धुणे धुतले जात नाही. शेंदुराखाली रूप बदलते हे मात्र खरे. सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच २०२२ साली काढल्यावर आतील मूळ रूप दिसले, हे वाचकांस आठवत असेल. ती वणी नाशिककडची, आपली नव्हे. तेथे ते काम जाणकारांनी केले. गावात कोणी उत्साहाने छिन्नी, तेजाब किंवा तारेचा ब्रश घेऊन असा प्रयत्न करील तर उरलेलेही जाईल. तैलरंग देणे त्याहून वाईट. वालुकाश्माच्या अंगातील ओल बाहेर पडत नाही व दगडाचा पापुद्रा सुटतो.

ज्या सदस्यांस आपल्या गावी अशी शिळा ठाऊक आहे त्यांनी ती जागेवरून न हलविता पुढील गोष्टी टिपून मंडळाकडे धाडाव्यात : गाव व तालुका, शिळा कोणत्या दिशेस तोंड करून आहे, उंची, रुंदी व जाडी, दगड काळा की वालुकामय, पट्ट किती व प्रत्येकात काय, अक्षरे असल्यास सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेले छायाचित्र, आणि गावकरी तीस कोणत्या नावाने ओळखतात ते नाव, जसे उच्चारतात तसे. चौकातील पुतळ्यांविषयीही तेच. त्यात शिल्पकाराचे नाव सांगणारा कोणी वृद्ध भेटल्यास त्याचे म्हणणे त्याच दिवशी लिहून घ्यावे. वणीकडील त्या शिळेची माझ्या जुन्या वहीत पुढील नोंद आहे : उंची तीन फूट दोन इंच, रुंदी एक फूट पाच इंच, पट्ट तीन, खालील पट्टात ढाल व दोन गाई, वरील पट्टात लिंग, माथा फुटलेला. छायाचित्र घेतले नव्हते.